पणजीतली शेवटची फेरी

“चहा घे आधी,” केळुसकर सर म्हणाले.

डावाच्या दिवशी सकाळी मी चहा घेत नाही, हे सरांना माझ्या आईपेक्षाही जास्त माहीत होतं. चहानं हात थरथरतो असं मला तेव्हा वाटायचं. दूध आणि केळं, एवढंच. केळी सर स्वतः बाजारात जाऊन आणायचे. हॉटेलातली त्यांना पसंत नसत. त्या दिवशी टेबलावर केळी नव्हती.

“नको सर. तिनं पहिल्याच खेळीला वजिरापुढचं प्यादं काढलं, तर काल ठरवलं तेच ना?”

“हेमांगी, चहा घे.”

मी कप पुढं ओढला. सरांनी दाढी केलेली नव्हती. डावाच्या दिवशी सर स्वतः खेळायला बसल्यासारखे कडक इस्त्रीच्या शर्टात असायचे. आज अंगात कालचाच शर्ट होता.

“तुझ्या बाबांना काल रात्री झटका आलाय,” ते म्हणाले. “हृदयाचा. चिपळूणलाच दवाखान्यात ठेवलंय. शुद्धीवर आहेत, बोलतायत. पण डॉक्टर खात्री देत नाहीत.”

मला वाटतं, मी आधी कपाकडेच पाहत राहिले. चहावर साय धरत होती.

“तुझ्या आईचा फोन होता, पहाटे. तुला कळू द्यायचं नाही म्हणाली. डाव होऊ दे, मग सांगा. आणि हे तिचं एकटीचं म्हणणं नाही. बाबांनीच तिला तसं बजावलंय.”

“मग तुम्ही का सांगताय?”

सरांनी बशीतला चमचा उचलला, परत ठेवला.

“सांगितलं,” ते म्हणाले. “आता काय करायचं ते तू ठरव.”

त्या सकाळी काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. महिला ग्रँडमास्टर व्हायचं तर तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो. खेळाडू त्याला नॉर्म म्हणतात. माझे दोन झाले होते. पणजीच्या त्या स्पर्धेत तिसरा होत आला होता आणि शेवटच्या फेरीत मला नुसती बरोबरी पुरेशी होती. समोर जॉर्जियाची मुलगी होती. तिला पहिला क्रमांक हवा होता, म्हणजे जिंकावंच लागणार होतं. चार खेळ्या करून हात मिळवायचा आणि उठायचं, असं ती करणार नव्हती. डाव दुपारपर्यंत चालणार, हे उघड होतं.

आणि हे सगळं ज्या माणसानं उभं केलं होतं, तो माणूस दवाखान्यात होता.

बाबा चिपळूणच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडायचे, माइकवरून पुकारा करायचे. बुद्धिबळ त्यांनीच मला शिकवलं. मी त्यांना हरवायला लागले तेव्हा ते घाबरले, आणि मला घेऊन सावंतवाडीला केळुसकर सरांच्या दारात जाऊन उभे राहिले. श्रीधर केळुसकर, ग्रँडमास्टर. आमच्या बाजूला ग्रँडमास्टर हा शब्दच मुळी सरांमुळे लोकांना माहीत झाला होता. खेळणं सोडून ते शिकवायला लागले होते आणि सहसा नवीन मुलं घेत नसत. “साहेब, एकदा तिचा खेळ बघा. नाही आवडला तर पुढच्याच गाडीनं परत जातो,” असं बाबा म्हणाले होते. सर तेव्हा हसले होते. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत बाबा मला सावंतवाडीच्या गाडीत बसवायचे, ड्रायव्हरला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगायचे, आणि स्टँडवर सर उभे असायचे.

“सर, तुम्ही सांगा ना. मी काय करू?”

“ते मी सांगणार नाही.”

“एरवी सगळं सांगता! केस बांध, पाणी पी, घड्याळाकडे बघ. आणि आजच नाही?”

“आज नाही.” सरांनी दाराकडे बोट केलं. “बाहेर जीप उभी आहे. खेळायचं म्हणालीस तर तिला परत पाठवतो आणि हॉलवर जाऊ. जायचं म्हणालीस तर मी बरोबर येतो. दोन्हींतलं काहीही कर, मी तुला कधी एका शब्दानं बोलणार नाही.”

मला त्यांचा भयंकर राग आला. एक सकाळ! एक सकाळ त्यांनी गप्प राहायला हवं होतं. माझे आईबाप दोघंही तेच म्हणत होते. आता मी पटावर बसले असते तरी काय खेळणार होते? त्यांनी दोन वाटा माझ्यासमोर ठेवल्या होत्या, पण खरं तर एकच उरली होती, आणि ती त्यांनीच उरवली होती.

“चला,” मी म्हणाले.

* * *

पणजीहून चिपळूणचा रस्ता तेव्हा आजच्यासारखा नव्हता. वळणं, घाट, मध्येच ट्रकांच्या रांगा. मी मागं बसले होते, सर ड्रायव्हरच्या शेजारी. सावंतवाडी आली. सरांचं घर रस्त्यापासून लांब नव्हतं. ड्रायव्हरनं विचारलं, “साहेब, घरी काही निरोप द्यायचाय?” सर म्हणाले, “चल तू.”

नऊ वाजले तेव्हा आम्ही कुडाळच्या आसपास होतो. मला वाटतं त्याच सुमारास पटाशेजारचं माझं घड्याळ तिकडं सुरू झालं असणार. समोरची खुर्ची रिकामी, आणि ती जॉर्जियाची मुलगी दाराकडे बघत बसलेली.

“सर,” मी म्हणाले, “आत्ता तिनं पहिली खेळी केली असेल.”

“हो.”

“कोणती?”

“हेमांगी, नको.”

कणकवलीत ते उतरले आणि बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली घेऊन आले. मी पुडा फोडला नाही. राजापूरच्या पुढं घाटात त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

“तुझे बाबा धीराचे आहेत,” ते म्हणाले.

“त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला, सांगू नका म्हणून?”

“हो.”

“मग?”

ते पुन्हा पुढं बघायला लागले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. त्यांना काहीतरी बोलायचं आहे, पण ते बोलणार नाहीत, एवढं मला कळत होतं. मलाही ऐकायचं नव्हतं. हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे… प्रत्येक स्टँड मला बाबांच्या आवाजात ऐकू येत होतं, माइकवर पुकारल्यासारखं.

* * *

दवाखान्याच्या पायरीवर आई बसली होती. जीप थांबताना तिनं पाहिलं, आणि मी उतरताना मात्र अशी बघत राहिली की जणू कोणी परकीच मुलगी आली आहे.

“तू?” ती म्हणाली. “तू इथं कशी? डाव?”

मी तिला मिठी मारली. तिनं मला धरलंच नाही. माझ्या खांद्यावरून ती सरांकडे बघत होती.

“मी पाया पडून सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “फोनवर रडून सांगितलं होतं.”

सर पायरीच्या खाली उभे राहिले. वर आले नाहीत.

“आई, बाबा कसे आहेत?”

“विचारतायत. सकाळपासून सारखं विचारतायत, फेरी सुरू झाली का, फेरी सुरू झाली का.” तिनं माझे दोन्ही दंड घट्ट धरले. “हे बघ, आता आलीच आहेस तर ऐक. खेळले नाही म्हणून सांगितलंस ना, तर ते आत्ता जातील. कळतंय तुला? डाव झाला म्हणून सांग. बरोबरी झाली म्हण. झालं म्हण सगळं.”

आमच्या घरात निकालाबद्दल कोणी खोटं बोलत नसे. हरले तर हरले. बाबांना फोनवर पहिला शब्द निकालाचा लागायचा, मग बाकीचं. पण मी आईच्या मागून आत गेले.

बाबा एवढे लहान कधी दिसले नव्हते. नाकात नळी, छातीला वायरी, हातावर पट्टी. मला पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. आधी आनंद, असं मला वाटलं. आणि लगेच ते घाबरले.

“डाव?”

“झाला बाबा,” मी म्हणाले. “बरोबरी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तशी नर्सनं तिला बाहेर नेलं. एकानंच थांबायचं म्हणाली.

“म्हणजे झालीस?”

“झाले.”

“ग्रँडमास्टर?”

“हो, बाबा.”

भिंतीवर घड्याळ होतं. बाबांची नजर तिथं गेली आणि परत माझ्यावर आली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

“जेवलात कुठं? कणकवलीला की राजापूरला?”

“कुठंच नाही. जेवायला थांबलोच नाही.”

“हं.” त्यांनी डोळे मिटले. “दाखव.”

“काय?”

“डाव दाखव की. काळ्या सोंगट्या होत्या ना तुझ्या?”

हे आमचं नेहमीचं होतं. बाहेरगावाहून आले की मी त्यांना डाव तोंडी सांगायचे. ते आगारातून दमून आलेले असायचे, खाटेवर डोळे मिटून पडायचे आणि मी एकेक खेळी सांगायचे. त्यांच्या डोक्यात पट मांडलेला असायचा. फार खोल खेळ त्यांना कळत नसे, पण एखादी सोंगटी कुठं आहे, हे ते कधी विसरले नाहीत.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि कधीच न झालेला डाव सांगायला लागले.

पहिल्या काही खेळ्या सोप्या होत्या. काल सरांनी घोटून घेतल्या होत्या. तिनं वजिरापुढचं प्यादं काढलं, मी घोडा काढला. तिनं उंट बाजूला काढून बसवला, मी किल्लेकोट केला, राजा सुरक्षित ठेवला. बाबांच्या ओठांची हालचाल होत होती, माझ्यामागून म्हणत असल्यासारखी. मग ठरवलेल्या खेळ्या संपल्या. आता मलाच दोन्ही बाजूंनी खेळायचं होतं.

मला वाटलं होतं, पटापट सोंगट्यांची मारामारी करून बरोबरी करून टाकावी. पण तोंडातून वाईट खेळी निघेना. बाबांसमोर त्या मुलीला मूर्खासारखं कसं खेळवू? ती नीट खेळायला लागली. माझ्या मनातली ती मुलगी, सांगते, खऱ्या मुलीपेक्षाही चांगली खेळत होती. तिनं मधल्या पट्टीत दोन्ही हत्ती आणले. माझा वजीर एका बाजूला अडकला. मी एक खेळी सांगितली, आणि सांगता सांगताच मला दिसलं की आता ती जिंकते. पुढच्या खेळीला घोडा पुढं टाकला की माझं सगळं संपलं.

मी थांबले.

“मग?” बाबा म्हणाले.

“मग तिनं घोडा आणला.”

बाबांच्या कपाळावर आठी पडली. नळीतून त्यांचा श्वास जोरानं ऐकू येत होता. त्या यंत्रावरच्या हिरव्या रेषेकडे मी बघत होते, आणि मला काही सुचत नव्हतं. खरंच काही सुचत नव्हतं. बरोबरी झाली असं सांगितलं होतं आणि डाव तर हरत चालला होता.

“उंट मागं घे,” बाबा म्हणाले.

“काय?”

“पांढऱ्या घरातला उंट. पार मागं घे, राजाच्या शेजारी. मग तो घोडा काय करेल?”

मी पाहिलं. तो उंट मागं आला की घोड्याचं ते घर राखलं जात होतं, आणि माझ्या वजिराला वाट मिळत होती. तिच्या हत्तींना खेळायला काही उरत नव्हतं. एवढी साधी, एवढी माघारीची खेळी मला दिसली नव्हती.

“हो बाबा,” मी म्हणाले. “तेच खेळले मी. उंट मागं घेतला.”

“मग तिनं हात पुढं केला.”

“हो.”

“बरोबरी.”

“हो.”

त्यांनी डोळे उघडले. मी इतकी वर्षं तो चेहरा आठवत आले आहे. त्यात फसवला गेलेला माणूस नव्हता. आणि मग एकदम मला ते घड्याळ कळलं, जेवणाचा प्रश्न कळला. पणजीची गाडी किती वाजता सुटली तर चिपळूणला किती वाजता लागते, हे त्या माणसाला झोपेतही ठाऊक होतं. सकाळी डाव खेळून कोणी दुपारी त्याच्या खाटेशी येऊन बसू शकत नाही, हे त्यांना मी दारातून आत आले तेव्हाच कळलं होतं. तरी त्यांनी सगळा डाव ऐकला होता.

“बाबा…”

“गाडी वेळेवर लागली गो,” ते म्हणाले, आणि माझा हात दाबला.

त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. दिवेलागणीला गेले. हात माझ्या हातातच होता.

* * *

बाहेर आले तेव्हा जीप नव्हती. सरही नव्हते. त्यांचा दुसरा एक विद्यार्थी त्याच स्पर्धेत खेळत होता, तो पुढं मोठा झाला. त्याच्यासाठी ते पणजीला परत गेले असणार, असं मी धरून चालले. दहाव्याला येतील असं वाटलं, तेराव्याला येतील असं वाटलं. आले नाहीत. मग मला वाटलं, डाव सोडून आले म्हणून त्यांचं माझ्यावरचं मन उडालं. ‘एका शब्दानं बोलणार नाही’ म्हणाले होते; शब्दच बंद केला.

मी त्यानंतर दोन स्पर्धा खेळले. एकटी. पटावर बसले की हॉलच्या दाराशी कोण येतंय इकडंच लक्ष जायचं. संयोजकांच्या टेबलावर फोन वाजला की माझी बोटं सोंगटीवरच थांबायची. दुसऱ्या स्पर्धेत मध्येच उठले आणि घरी आले. बाबांच्या जागी अनुकंपेवर मला आगारात कारकुनाची नोकरी मिळाली, ती घेतली. संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना पट मांडून द्यायचे, ते आजही देते.

आईला एक मोठा आधार होता. येईल त्याला ती सांगायची, “जाताना समाधानानं गेले. पोरगी ग्रँडमास्टर झाली असंच वाटलं त्यांना.” सांगताना तिचा चेहरा उजळायचा. मी स्वयंपाकघरात असायचे, ऐकायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मी तिला कसं सांगणार होते? तेवढं एकच तर तिच्यापाशी उरलं होतं. सरांचं नाव मात्र तिनं घरात काढू दिलं नाही. पेपरात त्यांचा फोटो आला की ते पान ती रद्दीत खाली घालायची.

* * *

आई गेली त्याच्या आठवड्याभरात सर आले.

दारात काठी टेकून उभे होते. केस पार पांढरे, खांदे उतरलेले. इस्त्रीचा शर्ट मात्र तसाच. मी खुर्ची दिली. ते बसले आणि भिंतीवरच्या आईबाबांच्या फोटोंकडे पाहत राहिले.

“आता येता आलं,” ते म्हणाले.

“आधी का नाही आलात, सर?”

“तुझ्या आईनं मला परत या घराच्या वाटेला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी, दवाखान्यात. तू आत होतीस.”

“मला नाही माहीत हे.”

“ती बाहेर आली रडत. म्हणाली, तुमच्यामुळे माझ्या पोरीला मरणाऱ्या बापाशी खोटं बोलावं लागतंय. त्यांना शेवटचा शब्द खोटा ऐकायला लागला, तो तुम्ही ऐकवलात.” सरांनी काठी दोन्ही हातांत धरली. “त्यावर मी काय बोलणार? खरंच होतं ते. मी निघालो. पणजीलाही गेलो नाही, तसाच सावंतवाडीत उतरलो. त्यानंतर मी कोणाबरोबर स्पर्धेला गेलो नाही, हेमांगी. घरी शिकवलं. पण कोणाबरोबर गेलो नाही. परत असा फोन आला तर काय करायचं, ते मला ठरवता आलं नाही.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“तुम्ही का सांगितलंत, सर? जीपमध्येही विचारलं होतं मी.”

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. मग सांगायला लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

“मी ग्रँडमास्टर झालो तो डाव कलकत्त्याला झाला. मला मठकर मास्तरांनी घडवलं. माझ्याबरोबर तेच होते. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी त्यांना माझ्या घरून फोन आला होता, माझी आई गेली म्हणून. मी एकुलता एक. लोकांनी वाट पाहिली, मग शेजाऱ्याच्या मुलानं अग्नी दिला. मास्तर मला काही बोलले नाहीत. रात्री माझ्याबरोबर पटावर बसले, सकाळी हॉलवर आणलं. मी जिंकलो. त्यांनी आधी मला पेढा भरवला, आणि मग सांगितलं.”

“पेढा तोंडात होता,” सर म्हणाले.

मी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं.

“त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. तेव्हाही कळत होतं. पण मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही. ते गेले तेव्हाही गेलो नाही. पुढं किती हार घातले लोकांनी, ग्रँडमास्टर म्हणाले. दर वेळी मला तो पेढा आठवायचा. त्या दिवशी तुझ्या आईचा फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की या पोरीला मी न सांगता खेळायला बसवणार नाही.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मास्तरांनी लपवलं, ते मला गमावून बसले. मी सांगितलं, मी तुला गमावून बसलो. आणि तुझ्या बाबांना मात्र खोटं ऐकून जावं लागलं.”

“नाही सर,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“बाबांना ठाऊक होतं.”

आजवर हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सरांना सगळं सांगितलं. घड्याळ, जेवणाचा तो प्रश्न, तो डाव, उंट मागं घ्यायला त्यांनी कसं सांगितलं. आणि शेवटी काय म्हणाले, ते. सर ऐकत होते. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, “काय म्हणाले? परत सांग.” मी परत सांगितलं. त्यांचे ओठ हलायला लागले. मग ते रडले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिथं नुसतं हाड होतं.

“मला कोणी हे तेव्हा सांगायला हवं होतं गो,” ते म्हणाले.

“मला माहीतच नव्हतं, तुम्ही काय घेऊन गेलात ते.”

“नाही. तुला कसं माहीत असणार.”

मी पाणी आणून दिलं. बाहेर त्यांची रिक्षा थांबली होती, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सर उठायला लागले, परत बसले.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“बाबांचं सोड. तुझं सांग. मी तुला सांगायला हवं होतं का?”

त्यांचे डोळे अजून ओले होते. सगळा जन्म त्यांनी पटासमोर बसून समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं वाचलं होतं. मी चेहरा स्थिर ठेवायचा प्रयत्न केला.

“हो सर,” मी म्हणाले.

निम्मं तरी खरं होतं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मान हलवली. मग माझ्या खांद्याला धरून उठले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं, आत बसवलं, काठी पायाशी नीट ठेवली. रिक्षा वळून जाईपर्यंत ते मागं बघत होते. मी हात वर केला. मग आत आले आणि दार लावून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या न झालेल्या बरोबरीसाठी रडले.